जाळीचं अस्तर

माणसाला जपावं कसं, हे देवाकडून शिकावं. तो आपल्याला सांभाळतो, पण मुठीत आवळून धरत नाही. आपला जीव कुणावर जडला की आपण आधी त्याच्याभोवती कुंपण घालतो आणि कुंपण किती भक्कम झालं ते चार लोकांना बोलावून दाखवतो. पाकीटमास्तरांनी तेच केलं. त्यांच्या मनात काही वाईट असतं तर गोष्ट सोपी होती, दोन शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. पण मास्तर लोण्यासारखे मऊ, आणि लोण्यासारख्या माणसाच्या हातून झालेली चूक फार काळ सलत राहते. त्यालाही, आणि ऐकणाऱ्यालाही.

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे शिवणाचं मशीन, भिंतीवर चामड्याचे तुकडे रंगाप्रमाणे टांगलेले, आणि सगळीकडे मेण लावलेल्या दोऱ्याचा वास. पाकिटं, पर्सा, चष्म्याची घरं असं सगळं ते हाताने शिवायचे, म्हणून नाव पडलं पाकीटमास्तर. समोरच्या टपरीत त्यांचा जुना दोस्त किल्ल्या करून द्यायचा. गिऱ्हाईक आलं की तो मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "आपल्याकडे लोकांच्या पाकिटावर नजर ठेवणारे दोघंच. एक पाकीटमार आणि एक हा पाकीटमास्तर. पाकीटमाराला निदान लाज तरी वाटते!"

मास्तर दाभण उगारायचे आणि हसायचे.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची. काकू बारीक चणीच्या, बोलक्या, कुणाच्याही घरात पाय न वाजवता जाऊन बसणाऱ्या. पण संधिवाताने त्यांचे हात धरले होते. बोटांची पेरं सुजून जाड झाली होती, उजवा अंगठा तर वाकतच नव्हता. बरणीचं झाकण मास्तर उघडून द्यायचे, पाठीवरची बटणं मास्तर लावून द्यायचे. "बघा, म्हातारपणी का होईना, माझ्या हाताखाली काम करायला लागलात," असं काकू म्हणायच्या, आणि मास्तरांना ते ऐकायला आवडायचं.

काकूंना एक थोरली बहीण होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रमात राहायची. लहानपणी काकूंना हिनेच कडेवर वागवलं, हिनेच वेणी घालायला शिकवलं, पहिला पगारही हिनेच धाकटीच्या फीपायी घालवला. आता थोरलीची आठवण विरत चालली होती, जुनं कापड धुऊन धुऊन विरतं तशी. नवरा होता हे कधी आठवायचं, कधी नाही. मुलांची नावं गेली. पण धाकटी तेवढी राहिली होती. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी काकू जायच्या, खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत बसायच्या आणि म्हणायच्या, "ताई, मी आले गं." थोरली क्षणभर बघायची, मग चेहरा उजळायचा. "आलीस का धाकटे? किती वाट बघायला लावतेस!"

तिथल्या सेविकेने काकूंना एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काकू, येत राहा. खंड पडू देऊ नका. त्यांची ओळख आता सवयीवर उभी आहे. सवय मोडली की ओळखही जाईल."

काकूंनी ते मनात पक्कं धरलं होतं. पाऊस असो, ऊन असो, कणकण असो, त्या दिवशी त्या निघायच्याच.

बसमध्ये रोख पैसे चालत नसत. दारातच ड्रायव्हरच्या शेजारी यंत्र होतं, त्याला कार्ड टेकवायचं की झालं. बँकेचं हे नवं चिपचं कार्ड आलं तेव्हा काकूंना फार बरं वाटलं होतं, कारण त्यांनी आपली एक युक्ती शोधून काढली होती. कार्ड पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायचं आणि कार्ड काढायचंच नाही. पर्स खांद्याला असायची, ती मनगटाने उचलून सबंध यंत्राला टेकवायची. चामड्यातूनही यंत्राला कार्ड कळायचं. यंत्र आवाज करायचं, हिरवा दिवा लागायचा, आणि ड्रायव्हर म्हणायचा, "आजी, तुमची पर्स काय छान नमस्कार करते हो!"

"संस्कार चांगले आहेत तिच्यावर," काकू म्हणायच्या.

हे मास्तरांनी कधी पाहिलं नव्हतं. काकू जायच्या तेव्हा दुकान उघडं असायचं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एके दिवशी काकूंच्या खात्यातून पैसे गेले. जिथे त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही अशा दुकानांतून त्यांच्या कार्डावर खरेदी झाली होती. मास्तर त्यांना घेऊन बँकेत गेले. काउंटरवरची मुलगी समजूतदार होती. तिने जुनं कार्ड बंद केलं, नवं दिलं, पैसेही परत जमा होतील म्हणून सांगितलं, आणि तसे ते झालेही.

"पण गेले कसे?" मास्तरांनी विचारलं. "कार्ड तर हिच्या पर्समध्येच होतं."

"आता कार्ड हातात घ्यायलाही लागत नाही, काका. गर्दीत पर्सजवळून छोटं यंत्र नेलं तरी कार्ड वाचता येतं, असं म्हणतात. तुमच्या बाबतीत तसंच झालं असेल असं नाही हं. कुठेतरी नंबर टाकला असेल, कुणी पाहिला असेल. नक्की सांगता यायचं नाही."

मुलीने सगळं सांगितलं होतं. मास्तरांनी त्यातलं पहिलं वाक्य उचललं आणि बाकीची तिथेच काउंटरवर ठेवून आले.

त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष लागेना. पैसे गेले याचं त्यांना काही नव्हतं. पण पर्स त्यांच्या हातची होती. टाका न् टाका त्यांचा. आणि कुणीतरी टाका न उसवता, बटण न उघडता, हातसुद्धा न घालता आतलं घेऊन गेलं! म्हणजे आपण आयुष्यभर जे शिवलं ते काय होतं?

"चाळण," किल्लीवाला म्हणाला. "तू लोकांना चाळणी विकतोस मास्तर, आणि वर बटण लावून देतोस."

तो गंमत करत होता. मास्तरांना ती लागली.

मग मास्तर कामाला लागले. कुणीतरी सांगितलं की कार्ड वाचणाऱ्या यंत्राच्या लहरी धातूतून जात नाहीत. त्यांनी आधी अस्तराखाली चांदीचा कागद घालून पाहिला, तो घडीवर फाटला. मग कुठूनतरी बारीक धातूच्या तारांनी विणलेलं कापड मागवलं. हाताला रेशमासारखं आणि कातरीला लोखंडासारखं. चामडं आणि अस्तर यांच्यामध्ये ते शिवायचं. पहिली पर्स झाली तशी आत कार्ड घालून ते कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले आणि पर्स त्याच्या यंत्राला टेकवली. यंत्र बोललं. मास्तर खाली मान घालून परत आले. शिवणीपाशी जाळी जुळत नव्हती, तिथे फट राहत होती. पुढच्या खेपेला त्यांनी कडा एकमेकींवर चढवल्या, वरच्या झाकणातही जाळी घातली. पुन्हा वाण्याकडे. या वेळी यंत्र गप्प. मास्तरांनी पर्स वरून टेकवली, खालून टेकवली, घासली. यंत्र गप्पच.

"मास्तर, मशीन बिघडलं वाटतं," वाणी म्हणाला.

"बिघडलं नाही रे, आंधळं झालं!" मास्तर लहान मुलासारखे टाळ्या पिटत म्हणाले.

"मग साबणाचे पैसे कसे देणार?"

"कार्ड काढून!" आणि मास्तरांनी आपल्या दणकट बोटांनी कप्प्यातलं कार्ड सर्रकन ओढून काढलं.

कप्पा त्यांनी मुद्दाम घट्ट केला होता. पर्स उलटी करून झटकली तरी कार्ड हलता कामा नये, हा त्यांच्या कामाचा नियमच होता. वरच्या कडेला कार्ड नखभर दिसेल न दिसेल, इतकं ते आत बसायचं. मास्तर काम करत होते तेवढे दिवस चोराचा हात त्यांच्या डोळ्यांपुढून हलला नाही. तो कुठून येईल, कुठे चाचपेल, कसा हात चोळत परत जाईल, सगळं त्यांना दिसत होतं. ज्या हाताने ही पर्स वापरायची तो हात मात्र रोज शेजारी जेवायला बसत होता आणि दिसत नव्हता. काय म्हणावं? देवाने डोळे दिले, पण बघायचं काय ते आपल्यावर सोडलं.

काकूंसाठी त्यांनी खास पर्स केली. तांबूस चामडं, कोपऱ्यात दाबून उठवलेलं एक लहानसं फूल. देताना स्वतः कार्ड आत सरकवून दिलं.

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "किती देखणी झालीय!"

"देखणी सोड. अभेद्य आहे. आता जगातला कुठलाही चोर येऊ दे."

मग त्यांनी काकूंना पर्ससकट गल्लीभर हिंडवलं. वाण्याला दाखवलं, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला दाखवलं. किल्लीवाल्याने पर्स हातात घेऊन फिरवली, कार्ड काढायला कप्प्यात नख घातलं, दोनदा सटकलं. "वा! आता ही उघडायला माझ्याकडे आणा काकू, किल्ली करून देतो."

सगळे हसले. काकूही हसल्या आणि त्यांनी आपला उजवा हात पदराआड घेतला.

पहिल्या खेपेला बसमध्ये त्यांना मागच्या एका मुलीने कार्ड काढून दिलं, परत येताना ड्रायव्हरने काढून दिलं. निभावलं. पुढच्या खेपेला काकूंनी शहाणपणा केला. सकाळी निवांत बसून, भुवया कोरायचा चिमटा घेऊन, बऱ्याच खटपटीने कार्ड घरीच काढलं आणि हातात धरून निघाल्या. नेमके मास्तर विसरलेली कातर न्यायला घरी आले होते. दारात गाठ पडली.

"अगं, कार्ड हातात? उघडं?"

"असू दे हो, बसपर्यंतच तर..."

"बसपर्यंतच! गर्दी तिथेच असते. मग मी एवढं केलं कशासाठी?" मास्तर रागावले नव्हते, उलट लाडानेच बोलत होते. त्यांनी कार्ड काकूंच्या बोटांतून सोडवून घेतलं, पर्समध्ये सरकवलं, वरून अंगठ्याने नीट दाबून बसवलं आणि बटण लावलं. "हं. आता जा निर्धास्त."

काकू गेल्या. आणि लवकरच परत आल्या.

"कंबर धरली हो," म्हणाल्या. "वाटेतूनच फिरले."

पुढच्या आठवड्यातही कंबर धरली. त्याच्या पुढच्या आठवड्यात डोकं जड होतं. मग बसचा धक्का सोसत नाही असं झालं. मग काकूंनी कारण सांगणं सोडलं आणि मास्तरांनी विचारणं. ठरलेल्या दिवशी त्या सकाळी बाहेरचे कपडे करून तयार व्हायच्या, खिडकीशी बसायच्या, आणि थोड्या वेळाने पुन्हा घरचे कपडे करायच्या.

"बरंच झालं," मास्तर म्हणायचे. "बाहेर काय कमी लुच्चे आहेत? तू आपली घरात सुखरूप." दुपारी आले की स्वतः चहा करून त्यांच्यापुढे ठेवायचे. बायकोला विश्रांती मिळतेय याचंच त्यांना समाधान होतं.

इकडे जाळीच्या पर्सांची कीर्ती झाली. लोक लांबून यायला लागले. ज्याच्या त्याच्या तोंडी चोरीच्याच गोष्टी. दुकानाच्या काचेत मास्तरांनी तांबूस पर्सांची रांगच मांडली, सगळ्यांच्या कोपऱ्यात ते फूल.

अशातच एक बाई आल्या. उंच, पिकलेले केस आखूड कापलेले, आवाज असा की समोरच्याने औषध निमूट गिळावं. पुष्कळ वर्षं नर्स होत्या, हे त्यांनी येताच सांगितलं.

"कार्डासाठी काहीतरी दाखवा. चोरी होऊ नये असं."

मास्तरांनी हौसेने काचेतली तांबूस पर्स काढून पुढे ठेवली.

"ही नको," नर्सबाई म्हणाल्या. "ही माहितेय मला."

"म्हणजे? काही दोष निघाला का?"

"दोष? अहो, अशी पर्स शत्रूलाही देऊ नये. मध्यंतरी आमच्या बसमध्ये एक बाई चढल्या. बारीकशा, हात संधिवाताने पार गेलेले. हीच पर्स, हेच फूल. बिचारीने पर्स यंत्राला टेकवली, यंत्र ढिम्म. मग कार्ड काढायला लागली. बोट घालते, सटकतं. बोट घालते, सटकतं. मागे ही रांग! कुणी म्हणालं, आजी घरी बसा. कुणी म्हणालं, आधी तयारी करून यावं. ड्रायव्हर भला माणूस. तो म्हणाला, राहू द्या आजी, बसा तशाच. तर म्हणते, फुकट नाही बसायची."

मास्तरांनी काउंटरची कड धरली होती.

"मी पुढे झाले, पण कार्ड इतकं आत दाबलेलं की मलाही निघेना. म्हटलं, माझ्याकडे कात्री आहे, या कप्प्याचे दोन टाके उसवते, कायमची कटकट जाईल. तर बाईने पर्स छातीशी आवळून धरली. म्हणाली, नको, घरच्यांनी शिवलीय. मी म्हटलं, असली कसली हो शिवलीय? तर म्हणते कशी, पर्स चांगली आहे हो, माझीच बोटं वाईट आहेत." नर्सबाईंनी मान हलवली. "उतरून गेली. डोळे भरले होते. बहिणीकडे निघाले होते, असं काहीतरी पुटपुटत होती. नंतर कधी दिसली नाही त्या बसला. आता तुम्हीच सांगा, शिवणाऱ्याला त्या बाईचे हात दिसले नसतील?"

नर्सबाईंनी मास्तरांकडे पाहिलं, मग काचेतल्या फुलांच्या रांगेकडे पाहिलं. आवाज खाली आला. "मला... पुन्हा कधीतरी येईन मी," म्हणाल्या आणि गेल्या.

मास्तरांनी भर दुपारी दुकानाचं दार ओढून घेतलं. समोरून किल्लीवाला ओरडला, "काय रे, चोरी झाली की काय?"

"हो," मास्तर म्हणाले आणि चालू लागले.

काकू धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मनगटाने दाबून, कोपराने सरळ करून. मास्तर पलंगाच्या कडेला बसले.

"आज लवकर?"

"पर्स कुठेय तुझी?"

"असेल की आत. का?"

"आण. आणि कार्ड काढून दाखव."

"आत्ता कशाला कार्ड?"

"काढून दाखव गं."

काकूंनी पर्स आणली. बटण दातांनी उघडलं, हेही मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिलं. मग तर्जनी कप्प्यात घातली. नख कार्डाच्या कडेला लागलं आणि निसटलं. पुन्हा लागलं, पुन्हा निसटलं. अंगठा पुढे यायचा, पण वाकायचा नाही, आणि न वाकलेल्या अंगठ्याला काही धरता येत नाही. मास्तर आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बघत राहिले.

"थांबा हं, जमतं कधी कधी," काकू म्हणाल्या.

"राहू दे."

"नाही, जमतं..."

"राहू दे म्हटलं ना!" मास्तरांचा आवाज फुटला. "बोलली का नाहीस मला?"

काकूंनी पर्स मांडीवर ठेवली. "काय बोलू? गल्लीभर दाखवत हिंडलात. किती वर्षांनी तुम्हाला असं हौसेनं काही करताना पाहिलं. म्हटलं, होईल सवय बोटांना."

"मी काढून दिलं असतं ना!"

"बसमध्ये येऊन?" काकू हसल्या. "आणि घरून काढून नेलं तर..." एवढं बोलून त्या थांबल्या आणि घडी घालायला दुसरा कपडा उचलला.

पुढचं मास्तरांना आठवलं. अंगठ्याने नीट दाबून बसवलेलं कार्ड. आता जा निर्धास्त.

"आणि ताई?" त्यांनी विचारलं.

"फोन करते मी. पण फोनवर तिला मी कळत नाही. राँग नंबर म्हणते आणि ठेवते." काकूंनी कपड्याची बाही सरळ केली. "पहिल्यांदा असं म्हणाली तेव्हा वाटलं, गंमत करतेय."

त्या संध्याकाळी मास्तरांनी घरीच पेटी उघडली. एक फीत घेतली, वीतभर. तिचं एक टोक कप्प्याच्या तोंडाशी आतून शिवलं, फीत कार्डाच्या खालून घालून मागून वर आणली आणि वरच्या टोकाला मनगट जाईल एवढा फास केला. फास ओढला की कार्ड आपोआप वर येतं, अर्धं बाहेर, यंत्राला टेकवता येईल इतकं. वरून दाबलं की पुन्हा आत, जाळीच्या आड. काकूंनी मनगटाने ओढून पाहिलं. आलं वर. "अय्या," म्हणाल्या, "किती सोपं!"

हेच मास्तरांना सहन झालं नाही. सोपं होतं. चहा निवायच्या आत झालं. आणि नवीन काय होतं त्यात? चष्म्याच्या घरात ते नेहमी अशी फीत घालायचे. खोल गेलेला चष्मा म्हाताऱ्या माणसांना काढता येत नाही म्हणून. परक्या म्हाताऱ्यांसाठी त्यांना ते सुचलं होतं.

ठरलेल्या दिवशी दुकान बंद ठेवून मास्तर काकूंबरोबर निघाले. काकूंनी बसमध्ये फास ओढला, कार्ड वर आलं, यंत्र बोललं. ड्रायव्हर म्हणाला, "आजी! होतात कुठे इतके दिवस?" काकू म्हणाल्या, "इथेच होते रे बाबा," आणि खिडकीजवळ जाऊन बसल्या. वाटभर ओठ हलत होते. देवाला काहीतरी सांगत असाव्यात.

वृद्धाश्रमाच्या दारात सेविका भेटली. तिने काकूंचे हात हातात घेतले. रागावली नाही. ती रागावली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"मधे फार विचारायच्या तुम्हाला," ती म्हणाली. "तुमच्या यायच्या दिवसासारखी रोज खुर्ची ओढून ठेवायच्या खिडकीपाशी. मग हळूहळू ठेवेनाशा झाल्या. आता नाही विचारत."

थोरली खिडकीशीच होती. केस नीट विंचरलेले, गुडघ्यांवर शाल. काकू पुढे गेल्या, त्याच खुर्चीत बसल्या.

"ताई, मी आले गं."

थोरलीने पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग हसली, पाहुण्यांकडे बघून हसतात तशी.

"या ना, बसा. कुणाकडे आलात?"

मास्तर मागे उभे होते, त्यांना काकूंची पाठ तेवढी दिसत होती. पाठीवरची बटणं सकाळी त्यांनीच लावली होती.

"तुमच्याकडेच आले," काकू म्हणाल्या.

"माझ्याकडे?" थोरलीला आनंद झाला. "बरं केलंत. माझ्याकडे कुणी येत नाही हो. माझी एक धाकटी आहे, ती यायची. हल्ली येत नाही."

"का बरं?"

"रागावली असेल. लहानपणापासून नाकावर राग तिच्या. माझंच काहीतरी चुकलं असेल. मी बोलून जाते काहीबाही, मग लक्षात राहत नाही."

"नाही हो," काकू घाईने म्हणाल्या. "तुमचं काही नाही चुकलं. तिलाच काही अडचण आली असेल."

"अडचण कसली? बस दाराशी थांबते."

मास्तरांना राहवेना. ते पुढे आले, थोरलीच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसले. "ताई, चूक माझी आहे. ती यायला निघाली होती, मीच..."

काकूंनी आपला आखडलेला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि दाबला. त्या हातात दाबायचं बळ कुठून आलं कोण जाणे. मास्तर कबुली द्यायला आले होते, पण जिला द्यायची ती घरात नव्हती.

थोरली त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती. "हे कोण?"

"माझे मालक," काकू म्हणाल्या.

"चेहऱ्यावरून भले दिसतात. जपतात का तुम्हाला?"

"हो," काकू म्हणाल्या. "फार जपतात."

त्यात टोमणा नव्हता. मास्तरांनी काकूंच्या चेहऱ्याकडे बघून खात्री करून घेतली. टोमणा असता तर तो झेलायला ते तयार होते.

बराच वेळ बसले. थोरलीने आपल्या धाकटीच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. ती वेणी घालताना कशी रडायची, कडेवरून उतरायचीच नाही, शाळेत नाव घातलं तेव्हा दाराला कशी धरून राहिली. काकू सगळं ऐकत होत्या, मध्येच विचारत होत्या, "मग? मग काय केलंत तुम्ही?" जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत होती. निघताना थोरलीने दोघांना दारापर्यंत पोचवलं आणि म्हणाली, "पुन्हा या हं. संकोच करू नका."

बसथांब्यावर मास्तर खाली बघत उभे होते. गाडी यायला वेळ होता.

"पुढच्या आठवड्यात दुकान बंदच ठेवतो," ते म्हणाले. "दोघं येऊ. दर आठवड्याला येऊ."

"नको," काकू म्हणाल्या.

"अगं, मला तेवढं तरी..."

"तुम्हाला बरं वाटेल हो. पण दोन दोन नवी माणसं एकदम आली की ती गोंधळते, पाहिलंत ना? आधी माझी एकटीची ओळख होऊ दे तिला."

"आणि नाही झाली तर?"

काकूंनी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. तिकडून गाडी वळण घेत होती. त्यांनी पर्स पुढे घेतली.

"तर दर आठवड्याला नव्यानं करून घेईन," म्हणाल्या. "तुम्ही जरा मागे सरका. मला वाट द्या."

मास्तर मागे सरकले. गाडी थांबली, दार उघडलं, आणि काकू त्यांची वाट न बघता पायरी चढल्या.